ओंडका रिकामा नसतो

३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन तालुक्यातल्या आमच्या घराच्या परसात आजोबांनी लावलेला एक रायवळ आंबा होता, तो त्या दुपारी मुळासकट आडवा झाला. गावोगावच्या नारळी-पोफळीच्या बागा भुईसपाट झालेल्या असताना एका रायवळ आंब्याचे दुःख करायला कोणाला सवड नव्हती. टाळेबंदीमुळे मला पुण्याहून तिथे पोहोचायला गणपती उजाडले. तोवर वखारवाला येऊन सरळ खोड मोजून घेऊन गेला होता. मांडीएवढ्या जाड फांद्या तेवढ्या परसाच्या कडेला पावसात पडून होत्या. “चुलीला होतील,” आई म्हणाली. पण आमची चूल आता वर्षातून दोनदा पेटते.

टाळेबंदीत अनेकांनी केले तसे मीही त्या काळात अळंबीच्या लागवडीविषयी वाचत होतो. लाकडाच्या ओंडक्याला भोके पाडून त्यात अळंबीचे बियाणे भरतात आणि पुढे काही वर्षे त्यावर पीक घेतात, हे वाचल्यावर वाटले, झाड गेले तरी त्याच्यावरचे काहीतरी ताटात येत राहील. दिवाळीच्या सुट्टीत गिरमिट घेऊन बसलो. बारा ओंडके कापले, भोके पाडली, धिंगरीचे बियाणे भरले, मेणाने तोंडे बुजवली. पुढच्या पावसाळ्यात त्या बारांपैकी एकावरही धिंगरी उगवली नाही. उगवले ते भलतेच: राखाडी, केसाळ पंख्यांच्या रांगा, शेंदरी रंगाचे चिवट पापुद्रे, आणि कानाच्या पाळीसारखे तपकिरी, लिबलिबीत काहीतरी.

चूक कुठे झाली याचा शोध घेताना मला आधी अळंबी म्हणजे काय आणि लाकूड म्हणजे काय हे नव्याने समजून घ्यावे लागले. घरी अळंबी लावू पाहणाऱ्या नवख्या माणसाला कृती कुठेही मिळते. त्या कृतीतली प्रत्येक पायरी का आहे, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही, आणि माझ्यासारख्याचे घोडे नेमके तिथेच पेंड खाते.

निषेध आणि नोंद

आमच्या घरात अळंबी शिजत नसे. पावसाळ्यात कातकरी बायका पानांच्या द्रोणात अळंबी घेऊन दारावरून जायच्या. शेजारी घ्यायचे, आम्ही नाही. या नकाराला शास्त्राधार आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण आणि कांद्याच्या जोडीनेच कवकही द्विजांना वर्ज्य सांगितले आहे. पुढे त्याच अध्यायात छत्राकाचे नाव पुन्हा येते.

वैद्यांची दृष्टी वेगळी होती. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, ४६ व्या अध्यायात, खाद्यपदार्थांचे गुण सांगताना ‘उद्भिद’ या नावाखाली अळंबीचे पाच प्रकार येतात: पेंढ्यावर येणारी, उसावर येणारी, शेणावर येणारी, वेळूवर येणारी आणि जमिनीतून येणारी. पेंढ्यावरची मधुर आणि दोष शमवणारी, वेळूवरची तुरट आणि वात वाढवणारी, तर जमिनीतल्या अळंबीला त्या त्या जमिनीची चव येते, असे हा ग्रंथ सांगतो. गुणदोष बाजूला ठेवू; वर्गीकरणाची रीत पाहू. रंग, आकार किंवा ऋतू यांवरून हे प्रकार पाडलेले नाहीत. अळंबी कशावर वाढली, एवढाच प्रश्न इथे विचारला आहे. आजचा कवकशास्त्रज्ञही पहिल्यांदा हेच विचारतो.

मराठीतही अळंबीला अनेक नावे आहेत. कोकणात ती अळंबी, गोव्यात अळमी, विदर्भात कुठे टेकोडे तर कुठे सात्या. पण ही बहुतेक नावे पावसाळ्यात जमिनीतून, वारुळातून येणाऱ्या अळंब्यांची आहेत. लाकडावर येते ती आपल्याकडे बहुधा नुसती ‘बुरशी’ किंवा ‘कुत्र्याची छत्री’. खाण्याच्या यादीत तिला फारशी जागा नव्हती. म्हणून धिंगरी हे नावही आपल्याकडे शेतीच्या पुस्तकांतून आले. ही धिंगरी, म्हणजे प्ल्युरोटस कुळातली अळंबी, मुळात मेलेल्या लाकडावर जगणारी आहे.

लाकूड पचवणे

लाकडात मुख्यतः तीन गोष्टी असतात: सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन. सेल्युलोजचे धागे ताण सोसतात, लिग्निन त्यांना एकमेकांना चिकटवून धरते. सिमेंट-काँक्रीटमधली सळई आणि सिमेंट असे नाते मानले तरी चालेल. लाकडाच्या वजनाचा साधारण पाचवा ते तिसरा हिस्सा लिग्निनचा असतो. ते पचवणे फार अवघड, कारण त्याची रचना एकसारखी पुन्हा पुन्हा येणारी नाही. कुलपाला ठराविक किल्ली असावी तसे एन्झाइम इथे चालत नाही.

जे कवक लाकूड कुजवतात त्यांचे ढोबळ दोन गट आहेत. एक गट सेल्युलोज काढून घेतो आणि लिग्निन बरेचसे तसेच सोडतो. मागे उरलेले लाकूड तपकिरी होऊन चौकोनी तुकड्यांत फुटते. दुसरा गट लिग्निनही फोडतो. मागे पांढुरके, तंतुमय, स्पंजासारखे लाकूड राहते. धिंगरी, शिताके, लाकडावरचे कानाच्या आकाराचे कवक, औषधी म्हणून विकले जाणारे गॅनोडर्मा हे सगळे या दुसऱ्या गटातले. त्यांचे एन्झाइम लिग्निनला थेट कातरत नाहीत, तर त्याला तीव्र ऑक्सिडीकरणाने मोडतात. लाकडात एक प्रकारचे मंद ज्वलनच चालते. असे पहिले एन्झाइम १९८३ मध्ये प्रयोगशाळेत वेगळे काढले गेले.

हे कौशल्य पृथ्वीच्या इतिहासात केव्हा आले, यावर एक रंजक वाद आहे. २०१२ मध्ये अनेक कवकांच्या जनुकसंचांची तुलना करून काही शास्त्रज्ञांनी सुचवले की लिग्निन पचवणारे कवक सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी उत्क्रांत झाले, आणि त्याच सुमारास दगडी कोळसा साठण्याचा वेग मंदावला. त्याआधी मेलेली झाडे कुजत नव्हती म्हणून ती साठली, असा तर्क. २०१६ मध्ये दुसऱ्या गटाने तो खोडला. त्यांच्या मते त्या काळचे दलदलीचे हवामान आणि खचत जाणारी खोरी हेच कोळशाचे खरे कारण होते. वाद काहीही असो, लाकूड पुन्हा मातीत नेण्याचे काम आज प्रामुख्याने हेच कवक करतात, याबद्दल दुमत नाही.

लाकडात आणखी एक अडचण आहे. त्यात कार्बन भरपूर, पण नायट्रोजन अत्यल्प. धिंगरीने यावर काढलेला उपाय ऐकून माझा शाकाहारी मित्र काही दिवस अस्वस्थ होता. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात दाखवले गेले की धिंगरीचे तंतू सूत्रकृमींना विषाने लुळे करतात, त्यांच्या शरीरात शिरतात आणि त्यांना पचवतात. आपण ‘शाकाहारी मटण’ म्हणून जी भाजी करतो, ती स्वतः शिकार करणारी आहे. घरच्या पिशवीत मात्र तिला कृमी लागत नाहीत. पेंढा आणि बियाण्यातले धान्य पुरते.

ओंडक्याला ठोकणारे लोक

लाकडावर अळंबी लावणे ही पूर्व आशियाची विद्या. १३१३ च्या सुमारास चीनमध्ये वांग झेन याने लिहिलेल्या शेतीविषयक ग्रंथात शिताकेच्या लागवडीचे वर्णन आहे. योग्य जातीचे झाड सावलीत पाडायचे, त्याला कुऱ्हाडीने खाचा पाडायच्या, मातीने झाकायचे आणि वाट पाहायची. पीक यायच्या वेळी लाकडी दंडुक्याने ओंडक्यावर प्रहार करायचे. याला अळंबीला ‘दचकवणे’ म्हणत. गडगडाट झाला की अळंबी उगवते, असे आपल्याकडेही म्हणतात. जपानमधल्या इवाते विद्यापीठात ओंडक्यांना विजेचे उच्च दाबाचे झटके देऊन पीक वाढते का, याचे प्रयोग झाले आणि ते वाढलेले दिसले.

वांग झेनच्या पद्धतीत एक गोष्ट नव्हती: बियाणे. खाचा पाडायच्या आणि हवेतून येणाऱ्या बीजाणूंवर भरवसा ठेवायचा. जपानमध्येही विसाव्या शतकापर्यंत असेच चाले. ओइता परगण्यातले शेतकरी कर्ज काढून झाडे विकत घेत, तोडत आणि शिताके येईल म्हणून थांबत. आले तर सोने, नाही तर घरदार गेले. तिथे ओंडक्यांसमोर हात जोडून ‘उगव’ म्हणून विनवणारे म्हातारे शेतकरी किसाकू मोरी या तरुण विद्यार्थ्याने पाहिले, असे सांगतात. त्याने शिताकेचे तंतू लाकडाच्या लहान खुंट्यांत वाढवले आणि त्या खुंट्या ओंडक्यांतल्या भोकांत ठोकण्याची रीत १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला काढली. प्रार्थनेच्या जागी खुंटी आली. मी दिवाळीत गिरमिटाने जे करत होतो, ते त्याच खुंटीचे वंशज होते.

धिंगरीची वाट वेगळी. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ च्या सुमारास, जर्मनीत रिचर्ड फाल्क यांनी तोडलेल्या झाडांच्या बुंध्यांवर तिची लागवड केली. भारतात १९६२ मध्ये म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत झाकिया बानो आणि एच. सी. श्रीवास्तव यांनी ती भाताच्या पेंढ्यावर वाढवून दाखवली. आपल्या दृष्टीने हे पाऊल फार महत्त्वाचे. पेंढा म्हणजे एका अर्थी पातळ लाकूडच: तेच सेल्युलोज, तेच लिग्निन, पण कमी घट्ट. झाड तोडायला नको, वर्षभर थांबायला नको. सुश्रुताच्या यादीत पहिला मान पेंढ्यावरच्या अळंबीला होता, हा योगायोग मला आवडतो. आज हिमाचल प्रदेशातल्या सोलनला या विषयाची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे, आणि अखिल भारतीय समन्वित प्रकल्पाचे एक केंद्र पुण्याच्या कृषी महाविद्यालयात आहे.

पहिली पिशवी

म्हणून नवख्याने ओंडक्यापासून सुरुवात करू नये, पिशवीपासून करावी. माझी चूक इथूनच सुरू झाली होती.

भाताचा पेंढा किंवा गव्हाचे काड घ्यावे. ते यंदाचे, सोनेरी, पावसात न भिजलेले असावे. काळे पडलेले, कुबट वासाचे नको. तीन ते पाच सेंटिमीटरचे तुकडे करून एका पोत्यात भरावेत आणि रात्रभर स्वच्छ पाण्यात बुडवून ठेवावेत. पेंढा वर तरंगतो, म्हणून वर पाटा किंवा जड दगड. सकाळी पाणी निथळून तो ८० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या पाण्यात तासभर ठेवावा. मग उपसून, स्वच्छ चाळणीवर पसरून थंड करावा. मूठभर घेऊन घट्ट पिळला तर एक-दोन थेंब यावेत, धार लागू नये. नवख्यांच्या बऱ्याच पिशव्या याच पायरीला बिघडतात: पेंढा ओला राहतो, तळाशी पाणी साचते, हवा जात नाही आणि आंबूस वास येऊ लागतो.

बियाणे बहुधा ज्वारी किंवा गव्हाच्या उकडलेल्या दाण्यांवर वाढवलेले मिळते. दाणे पांढऱ्या कापसासारख्या तंतूंनी गच्च बांधलेले दिसावेत. हिरवा, काळा किंवा नारिंगी ठिपका दिसला तर ती पिशवी परत करावी. एक किलो कोरड्या पेंढ्याला शंभर ग्रॅम बियाणे पुरते. साबणाने हात धुऊन, पंखा बंद करून, प्लॅस्टिकच्या पिशवीत पेंढ्याचा थर, त्यावर कडेकडेने बियाणे, पुन्हा थर असे दाबून भरावे. तोंड बांधून सगळीकडून पंचवीस-तीस बारीक भोके पाडावीत.

ही पिशवी पंधरा ते वीस दिवस अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवायची. २४ ते २८ अंश तापमान तिला मानवते. या दिवसांत पाणी मारायचे नाही, उघडून बघायचे नाही. आतला पेंढा पांढरा आणि एकसंध झाला की पिशवी कापून काढावी आणि गठ्ठा शिंकाळ्यात टांगावा. आता त्याला तीन गोष्टी हव्यात: ओलावा, उजेड आणि मोकळी हवा. भोवती ओले गोणपाट लावून दिवसातून दोन-तीनदा फवारा मारावा. उन्हाची तिरीप नको, पण पुस्तक वाचता येईल इतका उजेड हवा. हवा कमी पडली तर देठ लांबतात आणि छत्री बटणाएवढीच राहते.

पाच-सात दिवसांत टाचणीच्या डोक्याएवढे अंकुर येतात आणि पुढच्या तीन-चार दिवसांत ते तळहाताएवढे होतात. छत्रीची कड अजून खाली वळलेली असतानाच झुबका पिळून काढावा. कड वर वळली की ती लाखो बीजाणू सोडू लागते. त्या पांढऱ्या धुळीने काही जणांना दमा, ताप, छातीत जडपणा असा त्रास होतो. म्हणून झोपायच्या खोलीत ही लागवड करू नये. आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन किंवा तीन बहर मिळतात. एक किलो कोरड्या पेंढ्यातून सगळे मिळून अर्धा ते पाऊण किलो ताजी अळंबी मिळाली तर नवख्याने समाधान मानावे.

आधी येणाऱ्याचे घर

माझ्या पहिल्या चार पिशव्यांपैकी दोन हिरव्या पडल्या. ही हिरवी बुरशी म्हणजे ट्रायकोडर्मा. आपले द्राक्ष आणि डाळिंब बागायतदार हीच बुरशी विकत आणतात, कारण ती मुळे कुजवणाऱ्या रोगकारक बुरशींना मारते. दुसऱ्या कवकांवर ताव मारणे हाच तिचा गुण, आणि धिंगरी हेही कवकच. बागेतला मित्र पिशवीत शत्रू होतो.

तिला हरवायचे तर काय करायचे? संपूर्ण निर्जंतुकीकरण हे पहिले उत्तर सुचते. पण घरच्या स्वयंपाकघरात ते टिकत नाही. निर्जंतुक पेंढा म्हणजे मोकळे घर. त्यात जो पहिला शिरेल तो राज्य करतो, आणि हवेतले बीजाणू आपल्या बियाण्यापेक्षा संख्येने पुष्कळ असतात. ८० अंशांचे पाणी सगळे मारत नाही. ते चटकन वाढणाऱ्या बुरशींना मारते आणि काही निरुपद्रवी, उष्णता सोसणारे जिवाणू मागे ठेवते. हे जिवाणू जागा अडवून बसतात. धिंगरी त्यांना बाजूला सारू शकते, ट्रायकोडर्माला ते सोपे जात नाही. भरपूर बियाणे घालण्याचे कारणही हेच. आपल्या कवकाला शर्यतीत काही पावले पुढे उभे करायचे.

याच कारणासाठी लाकडाच्या भुशात नवख्याने गव्हाचा कोंडा मिसळू नये. कोंड्याने पीक वाढते हे खरे, पण त्यातला नायट्रोजन सगळ्यांनाच आवडतो. कोंडा घातलेला भुसा प्रेशर कुकरमध्ये दोन-अडीच तास उकडावा लागतो. नुसता भुसा वापरायचा तर तो आंब्यासारख्या रुंद पानांच्या झाडाचा, जाडसर असावा. बारीक भुसा दबून बसतो, म्हणून त्यात पेंढा मिसळावा. सागाचा भुसा नको. ज्या नैसर्गिक द्रव्यांमुळे सागाला बुरशी आणि वाळवी लागत नाही, तीच द्रव्ये धिंगरीलाही रोखतात. सुताराकडचा प्लायवूडचा भुसा तर मुळीच नको. त्यात रासायनिक डिंक असतो.

हे सगळे कळल्यावर माझे बारा ओंडके का गेले, हे वेगळे सांगायची गरज उरली नाही. जूनमध्ये पडलेल्या आंब्याच्या फांद्या कोकणच्या पावसात पाच महिने उघड्या पडल्या होत्या. त्या मला रिकाम्या वाटत होत्या, पण प्रत्येक फांदीत कोणी ना कोणी राहायला आले होते. काही कवक तर झाड जिवंत असल्यापासूनच त्याच्या लाकडात निपचित असतात आणि झाड मरायची वाट पाहतात. दिवाळीत मी बियाणे भरले, तेव्हा आतल्या सगळ्या खोल्या भरलेल्या होत्या. ते राखाडी पंखे शायझोफायलमचे होते, शेंदरी पापुद्रे पिक्नोपोरसचे, आणि कानाच्या पाळ्या ऑरिक्युलेरियाच्या. यातले शेवटचे चीनमध्ये सूपमध्ये घालतात, आणि पहिले मणिपूरमध्ये आवडीने खातात. मी मात्र खाल्ले नाही. आपण न लावलेले, जाणकाराने न ओळखलेले काहीही ओंडक्यावरून काढून खाऊ नये, हा नियम मी त्या वर्षी केला आणि आजही पाळतो.

ओंडका, दुसऱ्यांदा

पिशवीवर दोन-तीन पिके निघाली की ओंडक्याकडे वळायला हरकत नाही. त्यासाठी झाड तोडू नये, हे आधी सांगतो. १९६४ च्या वृक्षतोड विनियमन कायद्याच्या अनुसूचीत आंबा, फणस, जांभूळ, चिंच ही झाडे आहेत, आणि शहरांत १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे फांदी छाटायलाही परवानगी लागते. रीतसर छाटणी होते, तेव्हा फांद्या मागून आणाव्यात.

फांदी जिवंत, निरोगी झाडाची, ताजी कापलेली हवी. साल शाबूत हवी; ती ओंडक्याची कातडी आहे, ओलावा आत आणि परके बाहेर ठेवते. जाडी दहा ते पंधरा सेंटिमीटर, लांबी हाताळता येईल एवढी, जास्तीत जास्त मीटरभर. कापल्यावर दोन ते तीन आठवडे सावलीत, जमिनीपासून वर ठेवावी. ताज्या लाकडातली झाडाची स्वतःची प्रतिकारशक्ती तोवर ओसरते. याहून जास्त थांबले तर माझ्यासारखे होते. पावसाळ्यात हे काम करू नये, जानेवारी-फेब्रुवारी बरा.

खुंटीच्या जाडीचे, अडीच-तीन सेंटिमीटर खोल भोक पाडावे. लांबीत दर पंधरा सेंटिमीटरला एक, आणि शेजारची रांग पाच-सात सेंटिमीटरवर, भोके एकाआड एक येतील अशी. कवक लाकडाच्या रेषेने भरभर पसरते, आडवे सावकाश. म्हणून ही मापे. खुंटी ठोकून वर वितळलेले मेण, कापलेल्या टोकांनाही मेण. मग ओंडके सावलीत, विटांवर रचून ठेवायचे. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा भरपूर पाणी. एखादा ओंडका लावायच्या दिवशी वजन करून ठेवावा आणि महिन्याने पुन्हा तोलावा. वजन झपाट्याने उतरत असेल तर लाकूड वाळते आहे. कापलेल्या टोकाला पांढरे डाग दिसू लागले की आत कोणीतरी पसरले आहे हे समजावे. सहा महिने ते दीड वर्ष थांबायची तयारी हवी. शिताकेला थंडी लागते. कोकणात किंवा पुण्यात ओंडक्यावर तिचा हट्ट धरू नये. धिंगरीतली उष्ण हवामान सोसणारी, गुलाबी छटेची जात इथे बरी.

वारुळातले शेतकरी

गोव्यात आणि दक्षिण कोकणात पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला जी अळमी चढ्या भावाने विकली जाते, ती टर्मिटोमायसिस. ती वारुळातूनच येते, आणि माणसाला ती अजून लावता आलेली नाही. तिची शेती वाळवी करते. वाळवी लाकूड-पालापाचोळा खाते, तिच्या विष्ठेतून वारुळाच्या पोटात सच्छिद्र पोळी रचते, आणि त्या पोळीवर हे कवक वाढते. लिग्निन फोडायचे काम त्याचे. वाळवी नंतर ती पोळी आणि कवकाच्या गाठी खाते. हा व्यवहार काही कोटी वर्षे जुना आहे. गोवा विद्यापीठातले कवकशास्त्रज्ञ नंदकुमार कामत यांनी या अळम्यांचा अभ्यास केला आणि त्यांच्या बेसुमार तोडणीविरुद्ध सातत्याने लिहिले.

वाळवीच्या शेतातही तण असते. झायलेरिया नावाचे एक कवक त्या पोळीत लपून असते. वाळवी घरात आहे तोवर ते डोके वर काढत नाही. तिने वारूळ सोडले की थोड्याच दिवसांत सगळी पोळी त्याच्या काळ्या काड्यांनी भरून जाते. हे वाचले तेव्हा मला माझ्या हिरव्या पिशव्या आठवल्या. लाखो कामकरी वाळव्या अखंड जे करतात, तेच आपण गरम पाण्याने, धुतलेल्या हाताने आणि मेणाने करू पाहतो: नको त्याला बाहेर ठेवणे. अळंबी वाढवणे हे त्या मानाने सोपे काम. ते कवक स्वतःच करते.

फेब्रुवारी २०२२ मध्ये शेजारच्या काकांनी घरावर आलेली आंब्याची फांदी रीतसर छाटून घेतली. त्यातून माझे अकरा ओंडके झाले. २०२३ च्या पावसाळ्यात, श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात, त्यांतल्या चारांवर धिंगरी आली. उरलेल्या सातांवर इतरांनी हक्क सांगितला. जुने बारा ओंडके तोवर इतके मऊ झाले होते की हाताने कुस्करता येत. ते मी परसातल्या नव्या कलमाच्या आळ्यात पसरले.

सुपात धिंगरी घेऊन मी स्वयंपाकघरात गेलो. आईने एक झुबका उचलून उलटा केला, पांढऱ्या पापुद्र्यांवरून बोट फिरवले, वास घेतला. आता ही नको म्हणणार, असे मला वाटले.

“कशावर आली रे ही?” तिने विचारले.

“आंब्यावर. काकांच्या.”

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “खोबरं खवून दे.”